नानांचा मफलर आणि बोर्दोची बाटली

मे महिन्यात आमच्या सावद्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे सरकतो. माणसं डोक्यावर ओला पंचा टाकून फिरतात आणि दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. अशा उन्हात हातविणीचा स्वेटर, माकडटोपी आणि गळ्यात मरून रंगाचा मफलर घालून एखादा माणूस बसस्टँडवर चहा पिताना दिसला, तर त्याला वेड लागलंय असं समजू नका. ते आमचे झुलाल नाना. थंड खोलीतून पाच मिनिटं बाहेर आलेले असतात आणि पुन्हा आतच जायचं असल्यामुळे कपडे बदलायचा कंटाळा करतात.

नाना अभयशेठच्या केळीच्या कोल्ड स्टोरेजवर आहेत. तिथे दोन भाग. एका मोठ्या खोलीत कच्ची केळी तेरा-साडेतेरा अंशांवर झोपवून ठेवतात आणि बाजूच्या चार लहान खोल्यांत, म्हणजे चेंबरमध्ये, ती पिकवतात. चेंबर कधी बंद करायचं आणि कधी उघडायचं, हे नाना सांगतात. त्यासाठी त्यांची एक लोखंडी खुर्ची चार चेंबरांच्या बरोबर मध्ये ठेवलेली आहे. त्या खुर्चीवर अभयशेठही बसत नाहीत. मी एकदा बसलो होतो, तर नानांनी मला अशा नजरेने उठवलं की पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेल्या माणसाची काही किंमत असते हेच मी विसरलो.

मी मूळचा पाचोऱ्याचा, नाना धुळ्याकडचे. दोघंही इथे परके, शिवाय भिंतीला भिंत लागून राहतो, म्हणून दोस्ती. नाना एकोणिसाव्या वर्षी इकडे आले तेव्हा केळी बंद खोलीत धुरी देऊन पिकवायचे. पन्नास वर्षं झाली, तरी त्यांची बोली धुळ्याचीच राहिली. इकडची बोली त्यांना कळते, पण ती बोलायची म्हणजे दुसऱ्याच्या चपला घालण्यासारखं वाटतं, असं ते म्हणतात.

त्यांचं नाक हा या भागातला एक चर्चेचा विषय होता. चेंबरचं दार बोटभर उघडून ते आत नाक लावायचे. उजवी नाकपुडी दोनदा फुलायची, आणि मग निकाल यायचा. फैजपूरकडचा माल, काळी जमीन, विहिरीचं पाणी, अजून दीड दिवस. एकदा तीनशे क्रेटमध्ये एक क्रेट आदल्या दिवशी कापलेल्या केळीचा घुसवलेला होता. नानांनी दार लावून घेतलं आणि भेसळ बाहेर काढल्याशिवाय चेंबर सुरू करणार नाही म्हणून सांगितलं. दोन कापण्यांचा माल एका चेंबरमध्ये ठेवणं हे त्यांच्या लेखी महापाप. एक पिकतो, दुसऱ्याला ओढतो, आणि दोन्ही बिघडतात.

या नाकाचा घरात मात्र फार जाच होता. झुंबरबाई, म्हणजे नानांची बायको, हाताला चांगली चव असलेली बाई. पण चाळीस वर्षं नानांनी तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवली. ताटावर बसायच्या आधीच, उंबऱ्यातून. लसूण जळाला, तेल जुनं आहे, पिठाला डब्याचा वास येतोय. मी भिंतीपलीकडून ऐकायचो आणि माझ्या मनात यायचं, या माणसाला एकदा चांगली सर्दी व्हायला हवी.

आता बाटलीचं सांगतो. बारा वर्षांपूर्वी हे कोल्ड स्टोरेज उभं राहिलं तेव्हा थंडाव्याची यंत्रं बसवायला फ्रान्सचा एक इंजिनिअर आला होता. बेर्नार नाव. जाताना त्याने अभयशेठना बोर्दो प्रांतातल्या आपल्या काकाच्या मळ्यातल्या लाल वाइनची एक बाटली भेट दिली. तेव्हाच ती सात वर्षांची होती. अभयशेठ जैन. घरात कांदा-लसूण येत नाही, तिथे ही बाटली येणार कशी? त्यांच्या आई धापूबाईंनी सांगितलं की ती वस्तू ज्या गाडीतून आली त्या गाडीत मी बसणार नाही. पाहुण्याची भेट फेकायची तर तोही अपमान. शेवटी अभयशेठनी ती नानांच्या हवाली केली आणि नजरेआड ठेवा म्हणाले.

धापूबाई महिन्यातून एकदा गोदाम बघायला यायच्या. उभी बाटली त्यांना दिसली असती. म्हणून नानांनी केळीच्या वाळक्या पानांत गुंडाळून ती एका क्रेटमध्ये आडवी घातली आणि थंड खोलीच्या पार मागच्या कोपऱ्यात सरकवली. मग ती विसरले. सगळेच विसरले.

गेल्या डिसेंबरात बेर्नार परत आला. अभयशेठचा मुलगा संयम आता कारभार बघतो. त्याला चेंबरमध्ये वायू मोजणारी यंत्रं बसवायची होती. चेंबरमधली हवा यंत्र हुंगणार आणि आकडा संयमच्या मोबाइलवर उमटणार. संयम पोरगा वाईट नाही, पण त्याला प्रत्येक गोष्ट मोबाइलवर हवी असते. यंत्रं आली की खुर्चीचं काय, हे कोणी बोललं नाही. नाना त्या दिवसापासून मफलर जरा जास्तच आवळून बांधायला लागले.

गोदाम बघता बघता बेर्नारला बाटली आठवली. संयमची बायको विधी पुण्यात शिकताना फ्रेंच शिकली होती, ती मध्ये उभी राहून सांगत होती. बेर्नार हसून म्हणाला की एव्हाना तिचं व्हिनेगर झालं असेल, इथला उन्हाळा मी पाहिलाय. नाना मागे गेले, क्रेट ओढलं आणि वाळक्या पानांतून बाटली काढून दिली. बेर्नारने ती कुठे होती, कशी होती, विचारलं. तेरा अंश. अंधार. दमट हवा. आडवी. बारा वर्षांत कोणी हलवलीसुद्धा नाही.

तो माणूस खाली बसला. विधी म्हणाली, त्यांच्याकडे अशी वाइन जपायला लोक जमिनीखाली तळघरं बांधतात, आणि त्या तळघरांतसुद्धा इतकं बिनचूक जमत नाही. या गृहस्थांना वाइनमधलं कळतं का, असं ते विचारताहेत. नानांनी आयुष्यात वाइनचा थेंबही चाखला नव्हता. पण धापूबाईंच्या भीतीने लपवली हे पाहुण्याला सांगणं बरं दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी नुसती मान डोलावली. हीच त्यांची चूक झाली.

कारण मग विधीने कौतुकाने नानांच्या नाकाचं सगळं पुराण बेर्नारला सांगितलं. बेर्नार म्हणाला, रविवारी बाटली उघडू, आणि ती कशी आहे, कुठली आहे, हे यांनीच सांगायचं. त्याच्या काकाने त्या वर्षीच्या वाइनचं वर्णन लिहून ठेवलेलं होतं, ते मोबाइलवर होतं. संयमला ही कल्पना फारच आवडली. तो म्हणाला, "नाना, तुमचं जुळलं तर तुमच्या खुर्चीला कोणी हात लावणार नाही. यंत्र येईल, पण शेवटचा शब्द तुमचा. नाही जुळलं तर मग आपण तुम्हाला आराम देऊ."

आराम हा शब्द त्याने अगदी प्रेमाने उच्चारला. नाना हो म्हणाले.

त्या संध्याकाळी ते माझ्या ओट्यावर आले. मफलरची टोकं चाळवत बसले. मग म्हणाले, "मास्तर, माले वास येत नही."

मी विचारलं, सर्दी झाली का.

"सर्दी नही. कोरोना व्हयना तवयपाईन. केळीना नही, भरीतना नही, गटारना भी नही. साडेतीन वरीस व्हई ग्यात."

मला आधी वाईट वाटायला हवं होतं. पण आधी आला तो राग. मी अजमेरहून याच्यासाठी अत्तर आणलं होतं, ते याने मनगटावर लावून डोळे मिटून वाहवा केली होती. साडेतीन वर्षं हा माणूस मला फसवत होता. मी तसं स्पष्ट सांगितलं. नाना म्हणाले, बाटली फार सुंदर होती म्हणून वाहवा केली.

मग चेंबरचं काम कसं चालतं, असं मी विचारलं. तेव्हा खरा प्रकार कळला. झुंबरबाई रोज बारा वाजता डबा घेऊन जाते. चेंबरांच्या मधल्या वाटेने चालत येते, डबा ठेवते आणि जाता जाता बोलते, तीन नंबर आज उघडा, एकला अजून थांबा. नाना ती गेल्यावर उठतात, नाकपुडी फुलवतात आणि तेच सगळ्यांना मोठ्याने सांगतात. नवराबायकोत याबद्दल एक अक्षर बोलणं झालेलं नव्हतं. तिने कधी विचारलं नाही, याने कधी सांगितलं नाही. केळी मात्र एकदाही बिघडली नव्हती.

आम्ही दोघं झुंबरबाईकडे गेलो. ती भाकरी थापत होती. मी विषय काढला की तुमच्या यजमानांना वास येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे का. ती म्हणाली, दवाखान्यातून आल्यावर यांनी माझ्या पिठल्याचं कौतुक केलं, त्याच दिवशी मी समजले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा कौतुक केलं होतं. माणूस बदलत नाही, नाकच गेलं असणार.

पण रविवारी वाइन हुंगायला ती तयार होईना. तिचा बाप दारूपायी गेला होता. "त्या बाटलीले मी हात लावाव नही," ती म्हणाली, आणि भाकरी तव्यावर टाकली. त्या बाबतीत तिला कोणी समजावू शकत नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून मी तो नाद सोडला.

उरला माझा मोबाइल. त्यात शोधलं तर बोर्दोच्या जुन्या लाल वाइनला कसले कसले वास येतात याची ही मोठी यादी निघाली. देवदाराचं लाकूड, चामडं, तंबाखू, शिसपेन्सिल, घोड्याचा तबेला. मी एकेक वाचत होतो आणि नानांचा चेहरा पडत होता. "हाऊ दारूना वास शे का शाळाना?" त्यांनी पेन्सिलपाशी विचारलं. तरी शनिवारभर मी त्यांच्याकडून ती यादी पाठ करून घेतली. पोस्टाच्या परीक्षेला मी स्वतः इतका अभ्यास केला नव्हता.

रविवारी अभयशेठच्या बामणोद रस्त्यावरच्या मळ्यात भरीताचा बेत होता. डिसेंबरात आमच्याकडे पाहुणा आला की त्याला भरीत पार्टी द्यावीच लागते. अभयशेठ वांगं खात नाहीत, लसूण खात नाहीत आणि वाइनकडे बघतही नाहीत, पण यजमान तेच. ते लिंबाखाली बाटलीकडे पाठ करून खाखऱ्याचा डबा घेऊन बसले होते. केळीच्या बागेच्या कडेला कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ केलेला होता आणि झुंबरबाई त्यावर बामणोदची हिरवी वांगी उलटीपालटी करत होती. शेजारी लाकडी बडगी धुऊन ठेवली होती, मिरच्या आणि लसूण त्यातच कुटायचे होते. मला सकाळपासून भूक लागलेली होती आणि सगळे त्या बाटलीच्या मागे लागले होते.

बाटलीचं बूच अर्धं तुटून आत पडलं. विधीने चहाची गाळणी आणली. बेर्नारने अगदी हळू, एका धारेत ओतलं आणि तळाशी चार बोटं शिल्लक ठेवली, कारण तिथे गाळ बसलेला होता. इतकी वर्षं झाली की गाळ बसतो, ते चांगलं लक्षण, असं तो म्हणाला. आमच्याकडे गाळ दिसला की विहीर उपसतात. रंग मात्र बघण्यासारखा होता. मधे गडद आणि काचेच्या कडेला विटकरी, जुन्या लुगड्याच्या काठासारखा.

नाना ग्लास घेऊन जाळापाशी उभे राहिले. ही माझीच युक्ती. ऐन वेळी झुंबरबाईला दया आली तर ती जवळ असावी. पण ती पाठमोरी बसून वांगी सोलायला लागली होती. संयम मोबाइल घेऊन लिहायला सज्ज. नानांनी ग्लास नाकाला लावला, उजवी नाकपुडी दोनदा फुलवली आणि सुरुवात केली. देवदाराचं लाकूड. चामडं, जुनं. पेन्सिल. विधी एकेक शब्द फ्रेंचमध्ये सांगत होती आणि बेर्नारच्या भुवया वर वर चालल्या होत्या. संयमही चकित झालेला दिसला. मला वाटलं, जमलं, आता जेवायला बसता येईल.

तेवढ्यात लोकर जळल्याचा वास आला.

आधी मला तो आला, मग विधीने नाकाला रुमाल लावला, मग लिंबाखालून अभयशेठनीही वळून बघितलं. बेर्नारला वाटलं वाइनमध्येच काही निघालं. त्याने विधीकडून विचारलं, धुराचा, जळकट असा काही वास येतोय का?

नानांनी पुन्हा ग्लासात नाक घातलं, डोळे मिटले, नीट विचार केला आणि ठामपणे म्हणाले, "नही. धूर बिलकुल नही."

त्यांच्या मफलरचं मागचं टोक जाळात पडलेलं होतं आणि वीतभर जळत वर आलं होतं.

झुंबरबाई उठली. तिने बाजूची ताकाची कळशी उचलली आणि नवऱ्याच्या पाठीवर रिकामी केली. "ओ, मफलर जळी राहिना तुमना," ती म्हणाली, पण ते नंतर. ताक आधी पोहोचलं होतं.

नाना स्वेटरवरून ताक गळत असताना हातातला ग्लास सांभाळून उभे होते. संयमने हातातला मोबाइल खाली केला. त्याला सगळं कळलेलं होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, मला अजूनही त्याची लाज वाटते.

"संयमभाऊ," नाना म्हणाले, "नाक मन्हं गयं. साडेतीन वरीस व्हयनात. चेंबरनं बठ्ठं हाई सांगस. मी नुसता मोठा आवाजमा बोलस." आणि त्यांनी झुंबरबाईकडे बोट केलं.

झुंबरबाईने पदराला हात पुसले. मग दोन्ही हात मुद्दाम पाठीमागे बांधले, नानांच्या हातातल्या ग्लासावर वाकली आणि हात न लावता वास घेतला. नाकपुडी वगैरे काही फुलली नाही. निवडणारी बाई तांदळात खडा बघते तसं तिने एकदाच बघितलं.

"जांभूळ शे," ती म्हणाली. "पिकेल, टोपलीमा दोन दिन ठेयेल. मंग मन्ही मायनी लाकडी पेटी, जुनं लुगडं काढं का येस तसा वास. तंबाखूना वाळेल पाला. आनि सगळास्ना खाले नदीना गोटा, उन्हमा तपेल, वरतून पानी टाकेल."

विधीला गोट्याला फ्रेंचमध्ये काय म्हणतात ते लवकर आठवेना. आठवलं तेव्हा बेर्नारने मोबाइल काढून काकाचं वर्णन तिच्यापुढे धरलं. आमच्या जांभळाच्या जागी तिकडलं एक काळं फळ होतं, पेटीच्या जागी देवदार, तंबाखू होता तसाच. आणि काकाचा मळा कुठे आहे, तर नदीकाठी, सगळा गोटेच गोटे असलेल्या जमिनीवर. दिवसा ते तापतात आणि संध्याकाळनंतर वेलींना ऊब देतात.

पण झुंबरबाईचं संपलेलं नव्हतं. ती दुसऱ्यांदा वाकली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. या मालात भेसळ आहे, ती म्हणाली. एका बागेचा नाही हा, दोन-तीन बागांचा आहे. एक लवकर पिकलेला, एक उशिरा.

अभयशेठ खाखरा टाकून उभे राहिले. पाहुण्याच्या तोंडावर त्याच्या मालाला भेसळ म्हणायचं, हे त्यांच्या व्यापारी जिवाला झेपेना. विधी अडखळली, मग तिने सांगूनच टाकलं. बेर्नार मोठ्याने हसला आणि त्याने झुंबरबाईला कमरेत वाकून नमस्कार केला. ती घाबरून दोन पावलं मागे सरली.

त्याने सांगितलं ते असं. ही वाइन मिसळूनच करतात, आणि तीच तिची खुबी. मेर्लो नावाचं द्राक्ष चिकणमातीत वाढतं आणि लवकर पिकतं, ते गोल आणि मऊ. काबर्ने गोट्यांच्या जमिनीत वाढतं, उशिरा पिकतं, ते कडक असतं. तिसरं थोडंसं, वासापुरतं. वसंतात हिवाने मेर्लो मारलं तर काबर्ने वाचवतं, आणि काढणीला पाऊस लागून काबर्ने गेलं तर मेर्लो आधीच घरात आलेलं असतं. नवी असताना दोघं एकमेकांशी भांडतात. म्हणून लाकडी पिपात आणि मग बाटलीत ठेवतात. पंधरा-वीस वर्षांनी कोण कुठलं ते सांगता येत नाही.

ताकाने भिजलेले नाना हे सगळं ऐकत होते. ते म्हणाले, यात नवल काय, आपण ज्वारीत तूर टाकतो ते कशासाठी? विधीने ते सांगितल्यावर बेर्नारने नानांचाही हात हातात घेतला. मीही कर्तव्य म्हणून एक घोट घेतला. कच्चं केळं चावल्यासारखी जीभ खरखरली, आणि मग खूप वेळाने काहीतरी बरं वाटलं. भरीत मात्र अप्रतिम झालं होतं, ते मी दोनदा घेतलं.

जेवण झाल्यावर संयमने निकाल दिला. वर्णन जुळलं आहे, तेव्हा खुर्चीला कोणी हात लावणार नाही. पण खुर्ची नाकाची आहे, आणि नाक झुंबरअक्कांचं आहे. उद्यापासून खुर्चीवर अक्का बसतील. नानांना त्याने शेजारी एक स्टूल देऊ केलं. नानांनी हो म्हटलं, पण त्यांचा आवाज मला नीट ऐकू आला नाही. पन्नास वर्षं जे नाव होतं ते एका कळशी ताकाने धुऊन गेलं होतं.

या मे महिन्यात सावद्याच्या बसस्टँडवर स्वेटर घातलेली दोन माणसं चहा पिताना दिसायला लागली. झुंबरबाईने नवा हिरवा स्वेटर विणला आहे. हजेरीपटावर तिचं नाव लागलं. चेंबरचं दार उघडून ती एका वाक्यात निकाल देते आणि माणसं धावतात. संयमच्या मोबाइलवरचा आकडा आणि तिचं म्हणणं वेगळं निघालं की आकडा बदलतोय का ते बघायला संयम थोडा वेळ थांबतो, आणि बहुधा तो बदलतोच. ती पहाटे स्वयंपाक उरकून जाते आणि बारा वाजता डबा नाना घेऊन येतात.

परवा त्या दोघांबरोबर मीही डब्याला होतो. झाकण काढताच माझ्या लक्षात आलं की डाळ करपली आहे. चांगलीच, तळापासून. मी नानांकडे पाहिलं आणि माझा घास हातातच राहिला. त्यांची उजवी नाकपुडी फुलली होती. एकदा नाही, दोनदा.

नानांनी डाळ भाकरीवर घेतली, खाल्ली आणि म्हणाले, झकास झाली आहे.

बाहेर आल्यावर मी त्यांना धरलंच. ते आधी टाळाटाळ करत होते, मग कबूल झाले. होळीच्या आसपास नाक परत आलं. सर्वांत आधी आला तो आमच्या गल्लीतल्या गटाराचा वास. ते तिथे पंधरा मिनिटं उभे राहून रडले होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वाटलं की त्यांची अंगठी पडली. मग सांगत का नाही, असं मी रागावूनच विचारलं. खुर्ची परत मिळेल ना.

"म्हनीसनच सांगत नही," नाना म्हणाले. "खुर्ची माले भेटी. मंग ती काय करी, घर बशी भाकरी थापी? देख ना, कशी बसस."

गोदामाच्या दारातून ती दिसत होती. हिरवा स्वेटर, सरळ पाठ, मांडीवर हात. संयम तिच्यासमोर उभा राहून काहीतरी विचारत होता. मी कोणाला सांगणार नाही असं कबूल केलं.

त्याच संध्याकाळी भिंतीपलीकडून झुंबरबाईने मला हाक मारली. आवाज अगदी खाली होता, नाना अंगणात होते. आजची डाळ करपली होती, हे माझ्या लक्षात आलं का, असं तिने विचारलं. मी खोटं बोलायच्या तयारीत होतो, पण तिने बोलूच दिलं नाही.

"मीच करपावेल व्हती," ती म्हणाली. "माले वहीम व्हता, नाक परत उनं म्हनीसन. नाकपुडी देखी मी. साडेतीन वरीस कौतुक करं ते नाक नव्हतं म्हनीसन करं, मास्तर. आजनं कौतुक खरं शे."

मग तिने पदराने डोळे पुसले आणि नानांना यातलं काही सांगू नका म्हणून बजावलं. मी पोस्टात पस्तीस वर्षं काढली आहेत, बंद पाकीट उघडायचं नाही एवढं मला येतं. आता एका घराची दोन पाकिटं माझ्यापाशी आहेत. रोज बारा वाजता मी डब्याला जातो, आणि नाना जे काही असेल त्याला झकास म्हणतात.